माझा रिपोर्ट कोणी वाचलाय का?

फॉरेन्सिक इंजिनिअर्सच्या, म्हणजे वस्तू का मोडली ते शोधणाऱ्या इंजिनिअर्सच्या, एका संस्थेचं सभासदत्व घ्यायचं असं बरीच वर्षं मनात होतं, यंदा शेवटी फॉर्म डाउनलोड केला. शिक्षण, अनुभव, कुठल्या प्रकारची कामं केलीत, कोर्टात किंवा लवादापुढे कधी साक्ष दिलीये का, फी कधी निकालावर अवलंबून ठेवली होती का, हे सगळं भराभर भरून झालं आणि मग एका रकान्यापाशी हात थांबला. तुमचे तांत्रिक रिपोर्ट स्वतः वाचलेल्या, याच क्षेत्रातल्या दोन व्यक्तींची नावं द्या. नातेवाईक नको, तुमच्याकडे नोकरीला असलेला माणूस नको आणि तुम्हाला फी दिलेला ग्राहकही नको.

म्हटलं, ह्यात काय, आत्ता आठवतील. चहा झाला, जेवण झालं, रात्री परत लॅपटॉप उघडला, तरी रकाना रिकामाच. म्हणजे माझे रिपोर्ट कोणी वाचले नाहीत असं नाही. पार्टीने वाचले, पार्टीच्या वकिलाने वाचले, विमा कंपनीच्या सर्व्हेयरने वाचले, एकदोनदा लवादानेही वाचले. पण हे सगळे लोक शेवटचं पान आधी उघडतात, निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे ना एवढं बघतात आणि फाईल बंद करतात. मधली पानं, ज्यात मी सॅम्पल कुठून कापलं, का तिथूनच कापलं, हार्डनेस कुठे कुठे घेतली, कुठली शक्यता कशाच्या जोरावर बाद केली हे लिहिलेलं असतं, ती पानं माझ्यासारखंच काम करणाऱ्या कोणी बसून वाचलीत का? वाचून कोणी म्हटलंय का की अहो, इथे तुमचं पटत नाही?

मी बडोद्यात राहते. शिक्षण कलाभवनातलं, विषय मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र. बाहेरगावच्या लोकांना कलाभवन म्हटलं की चित्रकला आणि नाटक आठवतं, पण सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं ते तंत्रशिक्षणासाठी, हाताने काम करणाऱ्या मुलांना रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम शास्त्र समजून शिकता यावं म्हणून, दादासाहेब फाळकेसुद्धा तिथे शिकलेत, आणि आज एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी तिथेच भरते. शिक्षण संपल्यावर आधी नोकरी केली आणि मग स्वतःची छोटी लॅब टाकली. इथे एका बाजूला कोयलीची रिफायनरी, नंदेसरी, शहरात मकरपुऱ्याची जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), खाली अंकलेश्वर-दहेजपर्यंत केमिकलचे प्लांट, त्यामुळे धातूच्या माणसाला काम मिळतं. माझं काम म्हणजे वस्तू मोडल्यावर ती का मोडली ते शोधणं. बॉयलरची ट्यूब फुटली, पंपाचा शाफ्ट तुटला, स्टेनलेस स्टीलच्या पाइपला तडे गेले, क्रेनचा हुक उघडला, की तो तुकडा गोणपाटात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या टेबलावर येतो. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांना फॉरेन्सिक म्हटलं की अजून खूनच डोळ्यांपुढे येतो, मावशी दर वेळी विचारतात, काय ग, पोलीस येतात का तुझ्याकडे? कधीकधी येतातही. पण बहुतेक वेळा प्लांटचा मेंटेनन्सवाला येतो, रात्रभर जागलेला, आणि त्याला एवढंच कळून घ्यायचं असतं की यात त्याची चूक होती का.

या कामाची मला जी ओढ आहे ती सांगायची तर तुटलेल्या तोंडाबद्दल सांगावं लागेल. धातू तुटतो तेव्हा तो कसा तुटला हे त्या तुटलेल्या पृष्ठभागावर उमटलेलं असतं. शाफ्ट हळूहळू थकत, रोज थोडा थोडा तुटत गेला असेल तर तिथे एकाआड एक गोलसर रेघा दिसतात आणि त्या रेघा जिथून पसरल्यात तिकडे मागे मागे गेलं की सुरुवातीची जागा सापडते, बहुतेक वेळा एखादा कोपरा, चावीच्या खाचेची (चाक शाफ्टवर घट्ट बसावं म्हणून कापलेल्या खाचेची) धार, वेल्डिंगचा काठ. बॉयलर ट्यूब फुटून तिचं तोंड माशाच्या तोंडासारखं उघडतं (आमच्याकडे त्याला फिशमाऊथच म्हणतात), तर त्या तोंडाची कड सुरीसारखी पातळ असेल तर ट्यूब थोड्या वेळात भयंकर तापली, म्हणजे आत पाणी पोचलं नाही. आणि कड जाड असेल तर ती महिनोन्‌महिने थोडी जास्त तापत राहिली, आतून क्षार बसले होते वगैरे. एकाच ट्यूबची एकच कड, पण त्यावरून बॉयलर चालवणाऱ्या शिफ्टवर बोट जाणार की पाणी ट्रीटमेंटवर हे ठरतं.

आणि हे सगळं फार नाजूक असतं. दोन तुकडे हातात आले की माणूस पहिली गोष्ट कुठली करतो, तर ते एकमेकांना जुळवून बघतो. अगदी शिकलेले इंजिनिअरही करतात. त्या एका जुळवण्यात वरच्या बारीक खुणा घासून जातात आणि मायक्रोस्कोपखाली मला तुटण्याच्या खुणांऐवजी जुळवण्याच्या खुणा दिसतात. मग कोणी तो पाण्याने धुतो, कोणी वायरब्रशने गंज काढून 'स्वच्छ करून' पाठवतो, कोणी न्यायला सोपं जावं म्हणून गॅसकटरने अगदी तोंडाजवळ कापतो, त्या उष्णतेने धातूची आतली रचनाच बदलते. मी जाईन त्या प्लांटमध्ये हेच सांगत असते की बाबांनो, जुळवू नका, धुऊ नका, कोरडं ठेवा, उचलायच्या आधी फोटो काढा, तुकडा कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला ते तारखेसकट लिहून ठेवा. अमेरिकेत यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची लेखी मानकं आहेत, ई ११८८ मध्ये पुरावा गोळा करून जपायचा कसा ते दिलंय, ई ८६० मध्ये कोर्टात जाऊ शकणारी वस्तू तपासायची कशी ते. मला तर वाटतं ती प्रत्येक प्लांटच्या स्टोअरमध्ये भिंतीवर लावावीत.

पण संस्थेकडे मी वळले ते तंत्रासाठी नाही, तंत्र पुस्तकातून मिळतं. वळले ते एकटेपणामुळे.

एक उदाहरण देते, नावगाव अर्थातच लिहीत नाही. एका कारखान्यातला शाफ्ट तुटला. शाफ्ट बाहेरून करून घेतलेला, ड्रॉइंग मात्र कारखान्याचं. मी बघितलं तर सरळ थकव्याने तुटलेला, सुरुवात चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून, आणि तो कोपरा ड्रॉइंगमध्येच जवळजवळ काटकोनी दाखवलेला, जिथे चांगली गोलाई द्यायला हवी होती. मटेरियल तपासलं, केमिस्ट्री बरोबर, हार्डनेस बरोबर, आत काही घाण नाही. मी तसं लिहिलं. तिथले एक साहेब ड्राफ्ट घेऊन आले, अगदी गोड बोलले, मॅडम, एक ज शब्द बदलवानो छे. म्हणजे 'डिझाइन' काढून तिथे 'मटेरियल' घालायचं. तेवढं केलं की पैसे पुरवठादाराकडून वसूल होणार होते. मी म्हटलं नाही जमणार, रिपोर्ट नको असेल तर घेऊ नका पण शब्द तोच राहील. अर्धी फी राहिली ती राहिलीच, आणि त्या ठिकाणाहून पुन्हा काम आलं नाही.

यात मला स्वतःचं कौतुक सांगायचं नाहीये, हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. मला सांगायचंय ते नंतरच्या रात्रींबद्दल. तेव्हा मी तो रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचला आणि वाटलं की मी बरोबर आहे हे मला ठाऊक आहे, पण दुसऱ्या कोणाला दाखवून विचारायचं म्हटलं तर दाखवू कोणाला? डॉक्टर सहज दुसऱ्या डॉक्टरला एक्स-रे पाठवून विचारतात, वकील बार रूममध्ये बसून एकमेकांशी घासून घेतात, आणि आमच्याकडे प्रत्येकजण आपापल्या लॅबमध्ये कुलूप लावून. आपण ठाम आहोत की हट्टी आहोत हे एकट्याने कसं कळणार? ज्याला त्या शाफ्टच्या कमाईतून एक पैसा मिळणार नाही आणि ज्याला खाचेचा कोपरा म्हणजे काय ते पुरतं समजतं, असा माणूस लागतो.

नवऱ्याने फॉर्म बघून विचारलं, याने काम वाढेल का? खरं सांगायचं तर माहीत नाही आणि फार वाढावं अशी इच्छाही नाही. कार्डावर नावापुढे चार अक्षरं येतील, त्याने कोणावर छाप पडत असेल तर पडो. मला हवंय ते वेगळंच. मी कोणालातरी जाबदार असायला हवी, आणि तो कोणीतरी मला फी देणारा नसावा.

हे परदेशात कसं घडत गेलं ते बघितलं तर कळतं. १९८१ साली १७ जुलैला अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलात संध्याकाळचा डान्सचा कार्यक्रम चालू असताना लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी. एकाखाली एक असे दोन पूल, मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच अखंड सळई. ती करायला किचकट म्हणून बांधताना सळईचे दोन भाग केले, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. ऐकायला काहीच फरक वाटत नाही ना? पण एका दोराला दोन माणसं वरखाली धरून लोंबकळली तर प्रत्येकाच्या हातांवर स्वतःपुरतंच वजन येतं, आणि खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर वरच्याच्या हातांवर दोघांचं. तसंच झालं, वरच्या पुलाच्या तुळईतल्या नटावर दुप्पट भार आला. आणि नंतरच्या सरकारी तपासात असंही निघालं की मूळचं अखंड सळईचं डिझाइनसुद्धा तिथल्या बिल्डिंग कोडला लागणाऱ्या ताकदीच्या साधारण ६० टक्केच भरत होतं. त्या कामाच्या जबाबदार इंजिनिअर्सची लायसन्सं गेली.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त भिडतं ते नंतरचं. त्या पुलांच्या इंजिनिअरिंग फर्मचे प्रमुख जॅक गिलम पुढे इंजिनिअर्सच्या सभांमधून उभे राहून स्वतः या अपघाताबद्दल बोलले, काय चुकलं, कुठे बघायला हवं होतं, ते तरुण इंजिनिअर्सना सांगत राहिले. असं बोलायला सभा तर हवी ना? ऐकणारे आपल्याच धंद्यातले हवेत, ज्यांना ऐकून उद्या आपलं स्वतःचं ड्रॉइंग परत उघडावंसं वाटेल. पत्रकार परिषदेत हे होत नाही आणि कोर्टात तर वकील तोंड उघडूच देत नाही. नॅशनल अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक इंजिनिअर्स अमेरिकेत निघाली ती १९८२ मध्ये. तिथलं सभासदत्व मला मिळण्यासारखं नाही, त्याला त्यांचं प्रोफेशनल इंजिनिअरचं लायसन्स लागतं. मी फॉर्म भरतेय ती संस्था वेगळी, बाहेरच्या देशातल्यांना सहयोगी म्हणून घेणारी.

दुसरी गोष्ट टायरची आहे आणि ती मला प्रत्येक रिपोर्ट लिहिताना आठवते. १९९३ मध्ये अमेरिकेत एका मिनीव्हॅनचं मागचं टायर फुटलं, गाडी उलटली, एक जण गेला. घरच्यांनी कुम्हो या टायर कंपनीवर दावा लावला आणि त्यांच्या तज्ज्ञाने सांगितलं की टायरमध्येच दोष होता. कशावरून? तर टायर कमी हवेवर किंवा जास्त वजनावर चालवलं असेल तर चार खुणा दिसतात, त्यातल्या निदान दोन जर दिसल्या नाहीत तर दोष टायरचाच, आणि हे ते डोळ्यांनी बघून, हाताने चाचपून ठरवायचे. टायर जुनं, काही ठिकाणी पार झिजलेलं, पंक्चर धड न काढलेलं. खटला वरपर्यंत गेला आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कुम्हो टायरच्या त्या निकालात सांगितलं की शास्त्रज्ञाच्या साक्षीला ज्या कसोट्या लावतात त्या इंजिनिअरच्या साक्षीलाही लावता येतील, पद्धत तपासून बघितलीये का, दुसऱ्यांनी वाचून पारखलीये का, चुकण्याचं प्रमाण किती, आणि त्या क्षेत्रातले बाकीचे लोक ती मानतात का. त्या तज्ज्ञाची साक्ष बाद झाली ती कायम राहिली. नुसतं मी इतकी वर्षं हे करतोय म्हणून माझं ऐका, हे पुरलं नाही.

आता ही चौथी कसोटी बघा. त्या क्षेत्रातले बाकीचे लोक. बाकीचे लोक म्हणजे कोण आणि ते भेटणार कुठे, जर ते कधी एका खोलीत बसलेच नसतील?

आपल्याकडे कायदा तज्ज्ञाचं मत ऐकतो, आधी १८७२ च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टमध्ये ४५ वं कलम होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला त्यात ३९ वं. ज्याला त्या विषयातलं खास कौशल्य आहे त्याचं मत ग्राह्य, इतकं साधं. ते कौशल्य आहे की नाही हे न्यायाधीश ठरवणार आणि न्यायाधीश तर मेटलर्जिस्ट नाहीत. वकिलांना १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आहे, आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आणि कौन्सिल आहे, इंजिनिअरला देशपातळीवर तसा नोंदणीचा कायदाच नाही, महानगरपालिका आपापल्या हद्दीपुरती स्ट्रक्चरल इंजिनिअरची लायसन्सं देतात तेवढंच. म्हणजे उद्या कोणीही डिग्रीवाला उठून मी फेल्युअर अ‍ॅनालिस्ट म्हणाला तर त्याला अडवणारं कोणी नाही आणि, मला जास्त लागतं ते हे, त्याला शिकवणारंही कोणी नाही. गांधीनगरला फॉरेन्सिक सायन्सची युनिव्हर्सिटी आहे, २००९ पासूनची आणि २०२० पासून राष्ट्रीय दर्जाची, बडोद्याहून दोनअडीच तासांवर, याचा मला गुजरातची म्हणून अभिमानच आहे. पण युनिव्हर्सिटी विद्यार्थी घडवते. कामाला लागल्यावर पंधरा-वीस वर्षांनी ज्याला आपलं काम दाखवावं असा सोबती ती कुठून देणार.

आणि फायली. फायलींबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ ला तुटला, १३५ माणसं गेली, त्यात किती लहान मुलं होती. एसआयटीच्या प्राथमिक अहवालात आलं की मुख्य केबलमधल्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या आणि त्या अपघाताच्या आधीच तुटलेल्या असाव्यात. ते वाचलं तेव्हा मी जागची हलू शकले नाही, कारण हे माझं काम आहे, रोजचं. जुनी तुटलेली तार आणि नवी तुटलेली तार टोक बघून ओळखता येते. नव्या तुटीचं टोक चकचकीत, जुन्या तुटीवर गंज चढलेला, आणि ओढून तुटली असेल तर टोक निमुळतं होतं. म्हणजे त्या तारा तुटून तशाच होत्या आणि वरून माणसं जात होती. केबल उलगडून कोणी बघितलं असतं तर दिसलं असतं. मग ९ जुलै २०२५ ला आमचा गंभीरा पूल. आमचा म्हणते कारण पादऱ्याहून पलीकडे आणंदच्या बाजूला जायचं तर तोच रस्ता होता, महीवरचा, १९८५ चा, कितीतरी वेळा त्यावरून गेलोय. सकाळी एक गाळा खाली आला, गाड्या नदीत पडल्या, वीसहून जास्त माणसं गेली. एक टँकर काठावर अडकून कित्येक दिवस तसाच लटकत होता, तो फोटो सगळ्यांनी बघितलाय. सुरुवातीच्या तपासात पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशनचा भाग, म्हणजे गाळा जिथे टेकतो तो सांधा, चिरडला गेल्याचं सांगितलं गेलं.

यावर कोण दोषी वगैरे मी लिहिणार नाही, ते काम ज्यांचं त्यांनी करावं. मला वाटतं ते असं की अशा सांध्यांच्या छोट्या मोडतोडी आधी कुठे ना कुठे झालेल्या असतात, माणसं मेलेली नसतात म्हणून बातमी होत नाही. कोणीतरी इंजिनिअर तिथे गेलेला असतो, त्याने बघितलेलं असतं, रिपोर्ट दिलेला असतो. तो रिपोर्ट ज्याने पैसे दिले त्याचा. क्लेम सेटल झाला किंवा दुरुस्ती झाली की फाईल कपाटात. माझ्याच कपाटात असं किती पडून आहे, स्टेनलेसच्या पाइपवर ओलं इन्सुलेशन राहून त्यातल्या क्लोराइडने झाडाच्या फांद्यांसारखे तडे गेले अशी प्रकरणं मी वेगवेगळ्या प्लांटमध्ये बघितलीत, प्रत्येकाला वाटतं हे फक्त आपल्याकडेच झालं, आणि गुप्ततेच्या सहीमुळे मी त्याला शेजारच्याचं सांगू शकत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून क्रॉस म्हणून व्यवस्था आहे, तिथे इंजिनिअर स्ट्रक्चरमधली गडबड, अगदी थोडक्यात वाचलेली प्रकरणंसुद्धा, गुप्तपणे कळवतो, ती मंडळी नाव-गाव-कंपनी सगळं काढून टाकतात आणि तांत्रिक धडा तेवढा छापतात. कोणाची बदनामी नाही आणि शिकतात सगळे. हे सरकारने केलं तर उत्तमच, पण अशी गोष्ट चालवायला आधी एकमेकांवर विश्वास असलेल्या इंजिनिअर्सचा एक जमाव लागतो, आणि तो सभासदांच्या यादीतूनच तयार होतो.

असं होऊ शकतं हे गुजरातने बघितलंय. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असूनही तिथे बहुमजली इमारती पडल्या, खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले. देशभरातून इंजिनिअर आले, पडलेल्या इमारतींचे फोटो, मोजमापं, सळ्यांचे तपशील गोळा केले, उघडपणे लिहिलं, आणि २००२ मध्ये भूकंपाचं भारतीय मानक आयएस १८९३ सुधारून आलं त्यात अशा मऊ मजल्याबद्दल स्पष्ट तरतुदी होत्या. ते ढिगारे कोणा एका पार्टीची फाईल नव्हते म्हणून ते शक्य झालं.

तर तो रिकामा रकाना.

पहिलं नाव आठवलं ते कलाभवनातल्या आमच्या सरांचं. लॅब टाकली तेव्हा सुरुवातीचे रिपोर्ट मी त्यांच्याकडे घेऊन जायची आणि ते लाल पेनने 'हे दिसलं की हे वाटलं?' एवढंच समासात लिहायचे. दिसलेलं एका परिच्छेदात आणि वाटलेलं दुसऱ्यात, ही सवय त्यांचीच. सर आता थकलेत, पण फोनवर लगेच हो म्हणाले.

दुसरं नाव सुचत नव्हतं ते नव्हतंच. आणि मग सुचलं तेव्हा मीच दचकले, कारण माझा रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या फोटोपर्यंत, एकेक आकडा ताडून, खरोखर ज्याने वाचलाय असा माणूस एकच आहे आणि तो माझ्या विरुद्ध उभा होता.

लवादापुढचं प्रकरण होतं, बोल्टचं. १२.९ ग्रेडचे, म्हणजे फार ताकदीचे बोल्ट, वर झिंकचं इलेक्ट्रोप्लेटिंग, घट्ट केल्यावर काही तुटले. इतक्या कडक पोलादात प्लेटिंग करताना हायड्रोजन शिरतो, म्हणून प्लेटिंग झाल्यावर काही तासांच्या आत ते सुमारे २०० डिग्रीला भट्टीत ठेवून तो बाहेर काढावा लागतो, ते नीट झालं नाही तर बोल्ट कसल्यावर काही तासांनी, काही दिवसांनी, काही न करता आपोआप तुटतो. माझं म्हणणं तेच होतं, हायड्रोजन प्लेटिंगमधून आला. त्यांचं म्हणणं, हायड्रोजनच, पण तो नंतर वापरात, ओल आणि गंजामुळे बाहेरून आला. दोन्हीत तुटलेलं तोंड जवळजवळ सारखंच दिसतं, धातूच्या कणांच्या कडेकडेने फुटलेलं. फरक एवढाच की माझं खरं असेल तर प्लेटिंगवाला भरणार आणि त्यांचं खरं असेल तर वापरणारा. माझा मुद्दा, पहिले बोल्ट दोन दिवसांच्या आत गेले. त्यांचा मुद्दा, बाकीचे तर काही महिन्यांनी गेले, त्याचं काय? आणि हायड्रोजन हळूहळू धातूतून निघून जातो, नंतर मोजायला गेलं तर हाती काही लागेलच असं नाही. उलटतपासणीत त्यांनी वकिलाला जे प्रश्न लिहून दिले होते ते इतके नेमके होते की उत्तरं देतानाच मला समजत होतं, समोरच्याने आपलं परिशिष्टसुद्धा वाचलंय. पुढे पार्ट्यांनी आपसात तडजोड केली, बोल्टचा निकाल काही लागला नाही.

ते पुण्याचे. फोन केला, ओळख दिली, म्हणाले, बडोद्याच्या मॅडम ना, बोल्टवाल्या? मी रकान्याचं सांगितलं. क्षणभर थांबले आणि म्हणाले, "देतो की. फक्त एक सांगून ठेवतो, तुमचं काम स्वच्छ आहे असं लिहीन, पण तुमचा निष्कर्ष मला पटला नाही हेही लिहीन."

म्हटलं, "लिहाच. आणि का पटला नाही तेही लिहा."

मग पाऊण तास आम्ही बोल्टवरच बोललो. दोन दिवसांत तुटलेल्या बोल्टचे माझे मोठ्या मॅग्निफिकेशनचे फोटो त्यांनी फक्त झेरॉक्समध्ये बघितले होते, मूळ फाईल त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आणि महिन्यांनी तुटलेल्या बोल्टच्या गंजाचं त्यांनी केलेलं विश्लेषण लवादापुढे आलंच नाही, तडजोड आधीच झाली. ते म्हणाले गंजात क्लोराइड सापडलं होतं. हे मला नवीन होतं. मी म्हटलं, मग दोन वेगळी कारणं असतील का, पहिले बोल्ट माझ्या कारणाने आणि नंतरचे तुमच्या? ते म्हणाले, मी पण तोच विचार करतोय, पण तुम्ही बडोद्यात आणि मी पुण्यात बसून हे ठरणार नाही.

फॉर्म गेलाय, दोन्ही पत्रं सोबत. दोन्ही पार्ट्यांना आम्ही परवानगीसाठी लिहिलंय की नावं काढून हे तांत्रिकदृष्ट्या मांडू द्या, एकीचं उत्तर आलंय, हरकत नाही म्हणून. दुसरीचं आलं की पुण्याचे ते त्यांची सॅम्पल घेऊन इकडे येणार आहेत, माझी अजून डेसिकेटरमध्ये कोरडी ठेवलेली आहेत, दोन्ही एकाच मायक्रोस्कोपखाली बघायची. कलाभवनात पीएचडी करणारी दोन-तीन मुलं मी बोलावणार आहे, आणि अंकलेश्वर-भरूचकडे हेच काम करणारे दोघं जण माहितीतले आहेत, त्यांनाही विचारलंय. प्रत्येकाने आपलं एक न सुटलेलं प्रकरण आणायचं, नाव-गाव झाकून. सर म्हणालेत रिक्षा करून येईन, लाल पेन आणतो.